विखुरलेल्या पोथ्या आणि ग्रंथालयांचें सहकार्य

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं उन्हाळ्याच्या सुटींत एका खेड्यांतील वैदिक घराण्याकडील पोथ्यांची पेटी पाहण्याचा योग आम्हांस आला. तींत एका ज्योतिषग्रंथावरील टीकेची पोथी होती. तीच टीका आमच्या परिचयाच्या दुसऱ्या एका संग्रहांत आहे. परंतु तिचीं शेवटचीं पानें गहाळ आहेत. या पेटींतील पोथी अखेरपर्यंत शाबूत होती. नक्कल करण्यासाठीं आम्हीं ती मागितली, तेव्हां पोथी घराबाहेर जात नाहीं असें उत्तर मिळालें. पुढील सुटींत तेथेंच बसून उतरून घेऊं, असें मनांत योजून आम्ही परतलों. पुनः गेलों तों गृहस्थ वारले होते व पेटी रद्दींत गेली होती. वारसांस काय म्हणून दोष द्यावा? त्या पेटींतील पोथ्यांची साधी यादीहि आम्हीं करून ठेविली नव्हती.

पोथी कोणाच्या मालकीची हा प्रश्न गौण आहे. ती कोठें आहे हें अभ्यासकास कळतें कीं नाहीं, आणि तिचा पाठ दुसऱ्या पोथीशीं ताडून पाहतां येतो कीं नाहीं, हे मुख्य प्रश्न होत. त्यांचें उत्तर एकट्या ग्रंथालयाच्या हातीं नसतें. त्यासाठीं ग्रंथालयांनीं एकमेकांशीं सहकार्य करावें लागतें.

सहकार्याची पहिली पायरी संयुक्त सूची. थिओडोर आउफ्रेख्ट या जर्मन पंडितानें ठिकठिकाणच्या संग्रहांच्या याद्या एकत्र करून ‘कॅटलोगस कॅटलोगोरम’ हा ग्रंथ १८९१, १८९६ व १९०३ सालीं तीन भागांत प्रसिद्ध केला. ग्रंथाचें किंवा ग्रंथकाराचें नांव काढलें कीं त्याच्या पोथ्या कोणकोणत्या संग्रहांत आहेत, हें त्यावरून समजे. पुढें याद्या वाढल्या, म्हणून मद्रास विद्यापीठानें १९३५ सालीं नव्या सूचीचें काम हातीं घेतलें. तिचा पहिला खंड १९४९ सालीं निघाला. जैन ग्रंथांपुरतें हेंच कार्य प्रा. ह. दा. वेलणकर यांच्या ‘जिनरत्नकोशा’नें १९४४ सालीं केलें.

दुसरी पायरी प्रत्यक्ष पाठांच्या देवघेवीची. तिचें उत्कृष्ट उदाहरण पुण्यासच घडलें. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस आरंभ केला. काश्मीरपासून केरळपर्यंत निरनिराळ्या लिपींत विखुरलेल्या पोथ्या एका संस्थेच्या कपाटांत असणें शक्यच नव्हतें. कांहीं संग्रहांनीं आपल्या पोथ्या पुण्यास धाडल्या. शिवाय तंजावरास व शांतिनिकेतनांत पाठ ताडण्याचीं केंद्रें उघडण्यांत आलीं. पद्धति सर्वत्र एकच. चौकटी आंखलेल्या कागदावर प्रचलित आवृत्तीचा एक श्लोक वर लिहावयाचा, आणि प्रत्येक पोथींतील पाठभेद त्या त्या अक्षराच्या बरोबर खालीं उतरावयाचा. यामुळें एका गांवीं भरलेला कागद दुसऱ्या गांवच्या कागदाशीं सहज जुळे. आदिपर्वाच्या कोणत्याहि भागासाठीं किमान १० पोथ्या ताडल्या गेल्या. पहिल्या दोन अध्यायांसाठीं तर ६०.

डॉ. वि. सी. सुकथनकर यांचें आदिपर्व १९३३ सालीं पूर्ण झालें. त्यानंतर नेपाळांतून राजगुरु हेमराज पंडित यांच्या द्वारें एक जुनी पोथी त्यांच्या हातीं आली. प्रक्षिप्त म्हणून त्यांनीं वगळलेले कित्येक श्लोक त्या पोथींतहि नव्हते. कोठल्या तरी दूरच्या पेटींतील एक साक्षीदार पुढें आला, आणि पुण्यांतील निर्णयास बळकटी मिळाली. संपूर्ण महाभारताची ही आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली.

मराठी ग्रंथांस हा न्याय अधिकच लागू पडतो. समर्थसंप्रदायाचें वाङ्मय धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरांत आहे, तसेंच मराठी हस्तलिखितें तंजावरच्या सरस्वती महालांतहि आहेत. एकाच्या आधारें दुसऱ्यांतील त्रुटित स्थळ भरून काढावयाचें, तर दोन्हीकडील याद्या एकाच धर्तीच्या हव्यात. ग्रंथनाम, कर्ता, लिपि, पत्रसंख्या, आद्यंत, अपूर्णता, लेखनकाल आणि लेखकाची पुष्पिका इतक्या नोंदी तरी प्रत्येक पोथीच्या असाव्यात. शक व संवत् यांत १३५ वर्षांचें अंतर असल्यानें पुष्पिकेंतील शब्द जसेच्या तसे उतरावेत. त्यांतून इसवी सन काढणें हें नंतरचें काम. एका बासनांत तीनचार लहान ग्रंथ असल्यास प्रत्येकाची नोंद स्वतंत्र करावी, नाहीं तर पहिल्याच्या नांवाखालीं बाकीचे लपून जातात.

पोथी गेली तर परत येईल काय, ही संग्राहकांची भीति खोटी नाहीं. तसे अनुभव अनेकांस आले आहेत. परंतु आज पोथी घराबाहेर धाडण्याचें कारणच उरलें नाहीं. तिची छायाप्रत मालकाच्या ओसरीवर, त्याच्या डोळ्यांदेखत घेतां येते, आणि तीच प्रत दहा ग्रंथालयांत ठेवतां येते. पोथीचा उपयोग होईल तेथें मालकाचें नांव नमूद व्हावें, आणि छायाप्रतीची एक जोड त्याला विनामूल्य मिळावी, इतकें मात्र ग्रंथालयांनीं आरंभींच लिहून द्यावें. केंद्र सरकारनें २००३ सालीं राष्ट्रीय पाण्डुलिपि मिशन सुरू केलें. पुढें २०२५ सालच्या अंदाजपत्रकांत एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या पाहणीसाठीं ‘ज्ञान भारतम्’ योजना जाहीर झाली, तींत खाजगी संग्राहकांचाहि अंतर्भाव आहे. तथापि सरकारी पाहणी आपल्या दारीं येईपर्यंत वाट पाहत बसणें म्हणजे आम्हीं जी चूक केली तीच पुनः करणें होय.

म्हणून वाचकांस आमची विनंति एवढीच कीं, आपल्या पेटींतील पोथ्यांची यादी या पावसाळ्यापूर्वीं करावी, आणि तिची एक नक्कल जवळच्या ग्रंथालयास द्यावी. पोथी आपल्याच घरीं राहील. त्या ज्योतिषग्रंथावरील टीकेचीं शेवटचीं पानें मात्र आम्हांस अद्याप कोठेंहि मिळालेलीं नाहींत. कोणा वाचकाच्या यादींत तीं निघालीं, तर आमचें एक जुनें ऋण फिटेल.