दंतवैद्याचा कॅमेरा (लेखांक ४) : कॅपचा रंग जुळतो कसा?

समोरच्या दाताला कॅप बसवायची म्हटलं की पेशंटचा प्रश्न ठरलेला : "डॉक्टर, कळणार नाही ना?" कळू नये ही जबाबदारी डॉक्टरइतकीच लॅबमधल्या टेक्निशियनची, आणि त्याने तर बहुधा पेशंटला पाहिलेलंही नसतं. त्याच्या हाती येतं माप आणि 'ए-२' अशी शेड, म्हणजे रंगछटा, लिहिलेली चिठ्ठी. एवढ्यात दात मावत नाही. हिरडीजवळ तो पिवळसर असतो, टोकाशी जवळपास पारदर्शक, मध्येच एखादा पांढरा डाग. हे लॅबपर्यंत न्यायला फोटोच लागतो.

तो कधी काढला, यावर निम्मं काम अवलंबून असतं. रिट्रॅक्टरने गाल ओढून तोंड उघडं ठेवलं की काही मिनिटांतच दात सुकतात आणि खडूसारखे पांढरे दिसू लागतात. मूळ रंग परतायला बराच वेळ जातो. कॅपसाठी दात घासून झाल्यावर, आठवण झाली म्हणून काढलेला फोटो लॅबची दिशाभूलच करतो. त्यावरून केलेली कॅप शेजारच्या दातापेक्षा उजळ येते आणि दोष जातो टेक्निशियनच्या माथी! शेडचा फोटो सर्वांत आधी, भूल देण्याच्याही आधी काढावा.

या फोटोत दाताशेजारी शेड गाइडमधली, म्हणजे रंगछटांच्या नमुना-संचातली, पट्टीही हवी. 'व्हिटा क्लासिकल' या सर्रास वापरल्या जाणाऱ्या गाइडमध्ये अशा १६ पट्ट्या असतात. कॅमेरा बदलला, स्क्रीन बदलली की रंग बदलतो. पण फोटोतली पट्टी आणि टेक्निशियनच्या हातातली पट्टी एकच असल्याने फरक किती पडला, ते त्याला कळतं. पट्टी दाताच्या रेषेतच धरायची. ती पुढे आली तर फ्लॅशचा जास्त उजेड खाते आणि फिकट दिसते. तिच्यावरचं नावही फोटोत आलं पाहिजे. ही साधी गोष्ट हमखास राहते. तोच फोटो कृष्णधवल करून पाहावा. रंगछटेतला थोडा फरक खपून जातो, उजळपणातला मात्र चारचौघांत लगेच दिसतो, आणि तो कृष्णधवलमध्ये चटकन सापडतो.

कॅमेऱ्याला १०० मिमीच्या आसपासची मॅक्रो लेन्स असावी आणि फ्लॅश दोन्ही बाजूंनी यावा. समोरून आला तर दातावर चकाकी येते आणि नेमका हवा तो भाग झाकला जातो. मोबाइल? पेशंटला दातातली चीर दाखवायला उत्तम. शेडसाठी नको. जवळ नेला की समोरचे दात फुगीर दिसतात, शिवाय रंग तो परस्पर 'सुधारतो'.

आता पेशंट म्हणून तुमच्यासाठी. उपचाराच्या नोंदीसाठी आणि लॅबसाठी फोटो काढू देणं वेगळं, तोच फोटो क्लिनिकच्या इन्स्टाग्रामवर टाकू देणं वेगळं. दोन्हींसाठी एकच सही मागितली, तर जाहिरातीची ओळ खोडून मगच सही करा.