हॅलोविनचा काळा केक, अंड्याविना

३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनचा काळा केक अंड्याविना करणं ही तडजोड नव्हे. महामंदी आणि महायुद्धाच्या टंचाईत अमेरिकेत रुळलेल्या ‘वॅकी केक’मध्ये अंडी, दूध, लोणी काहीच नसतं, व्हिनेगर आणि खायच्या सोड्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड तो फुगवतो, मैद्यातलं ग्लुटेन आणि स्टार्च त्याला धरून ठेवतं. काळ्याभोर रंगाची कोको पावडर अल्कलीची प्रक्रिया झाल्यामुळे आम्लता गमावते, म्हणून तिच्यासोबत तर व्हिनेगर हवंच. उंच थर ढासळतील, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून केक पसरट भांड्यातच करावा. पण मेरिंग एरवी अंड्याच्या पांढऱ्या भागाचं होतं, मग वरची पांढरी मेरिंगची भुतं कशी करायची? डबाबंद कडधान्यांच्या पाण्याचा फेस होतो, हे २०१४ मध्ये फ्रान्सच्या जोएल रोसेल यांनी दाखवलं. साखर घालून फेटलेला छोल्यांच्या पाण्याचा घट्ट फेस मंद आचेवर वाळवला, की त्याचा वासही फारसा जाणवत नाही.