नऊ नंबरची जागा

फुटबॉलमध्ये स्ट्रायकर म्हणजे संघाच्या सर्वांत पुढच्या टोकाला, प्रतिस्पर्ध्यांच्या गोलजाळीजवळ खेळणारा आणि गोल करणे हेच ज्याचे पहिले काम मानले जाते असा खेळाडू. वृत्तपत्रांतील मराठी त्याला आघाडीपटू म्हणते, जुन्या प्रेक्षकांच्या तोंडी ‘सेंटर फॉरवर्ड’ हा शब्द अजून आहे, आणि जागेनुसार १ ते ११ क्रमांक देण्याच्या जुन्या पद्धतीमुळे मैदानावर त्याची ओळख ‘नऊ नंबर’ अशी रूढ झाली आहे. नव्वद मिनिटांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष त्याच्या पायाशी असतो तो काळ फार तर दीड-दोन मिनिटांचा भरतो. उरलेला सर्व वेळ तो चेंडूविना असतो, आणि या व्यवसायाचे कसब मुख्यतः त्या उरलेल्या वेळातच वापरले जाते. टीव्हीवर सामना पाहणाऱ्याच्या हे सहसा लक्षात येत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे जातो आणि स्ट्रायकर बहुतेक वेळा पडद्याबाहेर राहतो.

त्याच्या कामाची जागा लहान आहे. गोलाची चौकट ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असते, तिच्यापासून १६.५ मीटरपर्यंत पेनल्टी क्षेत्र पसरलेले असते, आणि पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून ११ मीटरवर असतो. व्यावसायिक सामन्यांतील बहुसंख्य गोल याच क्षेत्रातून होतात. अलीकडे प्रत्येक फटक्याला ‘अपेक्षित गोल’ नावाचे मूल्य दिले जाते. त्याचा अर्थ असा की, तेवढ्याच अंतरावरून, तशाच कोनातून आणि तशाच परिस्थितीत पूर्वी मारलेल्या हजारो फटक्यांपैकी किती जाळीत गेले, त्याचे ते प्रमाण होय. या मापाने पेनल्टीची किंमत सुमारे पाऊण गोल भरते, तर क्षेत्राबाहेरून मारलेल्या दूरच्या फटक्याची किंमत गोलाच्या काही शतांशांवर येते; सगळे फटके एकत्र धरले तर ढोबळमानाने दहात एक गोल होतो. म्हणजे दहापैकी नऊ वेळा चुकणे हा या धंद्याचा नेहमीचा हिशेब आहे, आणि ज्याला चुकायला पुरेशी संधी मिळत नाही त्याला हा धंदा शिकताच येत नाही, हे विधान पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

एक साधी चाल जवळून पाहिली तर या कामाचे स्वरूप कळते. उजव्या बाजूचा विंगर, म्हणजे कडेने धावणारा आघाडीचा खेळाडू, चेंडू घेऊन गोलरेषेपर्यंत पोहोचत असतो. मधल्या बचावपटूला त्याच्याकडे पाहणे भाग असते आणि त्याच वेळी स्ट्रायकरवरही नजर ठेवायची असते. ही दोन्ही कामे एका मानेने होत नाहीत, हे ओळखून स्ट्रायकर बचावपटूच्या पाठीमागच्या खांद्यापाशी, त्याला दिसणार नाही अशा बाजूला उभा राहतो. मग तो दूरच्या खांबाकडे दोन पावले टाकतो. बचावपटू आपले वजन त्या बाजूच्या पायावर घेतो, आणि ते वजन परत दुसऱ्या पायावर येण्याच्या आत स्ट्रायकर त्याच्या पुढून जवळच्या खांबाकडे घुसतो. चेंडू जोरात येत असल्याने त्याला आणखी जोर देण्याची गरज नसते. घोटा ताठ धरून पायाच्या आतल्या बाजूने नुसता कोन दिला तरी पुरते. गोल झाला की लोकांना शेवटचा स्पर्श तेवढा दिसतो, आणि ‘त्याने नुसता पाय लावला’ असे म्हटले जाते. ते खरेच असते, परंतु तो पाय तिथे येण्याआधीची ती दोन फसवी पावले कोणाच्या मोजणीत येत नाहीत.

या धावेला ऑफसाइडच्या नियमाचे कुंपण आहे. सहकाऱ्याने चेंडू पुढे सारला त्या क्षणी आक्रमक खेळाडू प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या भागात, चेंडूच्या पुढे आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे असेल आणि त्यानंतर खेळात भाग घेईल, तर तो ऑफसाइड ठरतो. म्हणून अनुभवी स्ट्रायकर सरळ धावत नाही. तो बचावफळीला समांतर, धनुष्याच्या आकारात धावतो, जेणेकरून चेंडू सुटेपर्यंत तो रेषेत राहतो आणि सुटल्यावर त्याला नव्याने वेग घ्यावा लागत नाही. नवख्याचे अर्धे पाऊल आधी पडते व सहायक पंचाचे निशाण वर जाते. मध्य प्रदेशातील पांढुर्णा-सौंसर भागातील वाचकाला या जागेच्या दाटीची कल्पना देण्यासाठी एक दूरची उपमा चालण्यासारखी आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचा झेंडा रोवला जातो आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन्ही काठांवरून गोटमार, म्हणजे दगडफेकीचा खेळ, चालू असताना तो तोडायला जो पुढे होतो, त्याला येणाऱ्या दगडाचे भान ठेवूनही नजर झेंड्यावरून हलवता येत नाही. पेनल्टी क्षेत्रात कोपर बरगडीत बसते, जर्सी ओढली जाते, टाचेवर पाय पडतो. त्यातले काही पंचाला दिसते, बरेचसे दिसत नाही, आणि स्ट्रायकरने चेंडूवरून डोळा काढला की चाल संपते.

व्यावसायिक क्लबातील सरावाचा दिवस या दृष्टीने पाहिला तर बराच नीरस असतो. सकाळी आल्यावर वजन घेतले जाते, झोप किती झाली आणि कोणता स्नायू दुखतो आहे हे खेळाडू आकड्यांत नोंदवतो, आणि जर्सीखाली एक आखूड काळी बंडी चढवतो, जिच्या पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये जीपीएसचे छोटे यंत्र बसवलेले असते. तो किती धावला, त्यातले पूर्ण वेगाने किती, हे त्या यंत्रावरून प्रशिक्षकाच्या संगणकावर उमटते. त्यानंतर रोंडो होतो, म्हणजे वर्तुळात उभ्या खेळाडूंनी मधल्या एकदोघांना चेंडू न लागू देता एका स्पर्शात तो फिरवत ठेवायचा. पुढे संघाच्या रचनेचा सराव होतो, आणि अखेरीस फटक्यांचा. फटक्यांच्या या सत्रात पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे चेंडू आडव्या खांबावरून गेला की स्ट्रायकर मारणाऱ्या पायाकडे पाहत नाही, टेकवलेल्या पायाकडे पाहतो. टेकवलेला पाय चेंडूच्या मागे राहिला तर धड मागे झुकते आणि चेंडू उडतो. तो चेंडूच्या बरोबरीने पडला तर गुडघा चेंडूवर येतो आणि फटका खाली राहतो. गवतावर उमटलेल्या बुटाच्या खिळ्यांच्या खुणा पाहून तो स्वतःची चूक वाचतो, वीतभर पुढे पाय टाकून पुन्हा मारतो, आणि सत्र संपल्यावर इतर खेळाडू बर्फाच्या पाण्यात पाय बुडवून बसलेले असताना कोणी तरी राखीव गोलरक्षक त्याच्यासाठी थांबला असेल तर आणखी वीस चेंडू मारतो. चेंडू गोळा करून आणणे हेही अनेकदा त्याच्याच वाट्याला येते.

मराठी मुलखाच्या जवळचा, या जागेवर जगभर नाव झालेला खेळाडू शोधायचा तर नेव्हिल डिसोझा यांच्यापासून सुरुवात करावी लागते. १९३२ साली जन्मलेले हे गोमंतकीय आघाडीपटू मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळत. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यातले पहिले तीन गोल, अनुक्रमे ९व्या, ३३व्या आणि ५०व्या मिनिटाला, डिसोझा यांचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक, म्हणजे एकाच सामन्यात तीन गोल, करणारे ते पहिले आशियाई ठरले. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध सामन्यातला पहिला आणि भारताचा एकमेव गोलही त्यांनीच केला. ती आघाडी काही मिनिटांतच गेली, सामना ४-१ असा हातचा गेला, आणि कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाकडून हरल्याने संघ चौथा आला. चार गोलांसह डिसोझा स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्यांत संयुक्तपणे अव्वल होते. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या त्या संघात पी. के. बॅनर्जींसारखे कडेचे खेळाडू होते, आणि मधली जागा डिसोझांची होती, याबद्दल कोणाचे दुमत नव्हते. १९८० साली, वयाच्या ४७व्या वर्षी ते वारले.

त्या काळी फुटबॉल हा बहुतेकांचा स्वतंत्र व्यवसाय नव्हता. १८९१ साली सुरू झालेल्या मुंबईच्या रोव्हर्स चषकात आणि कूपरेजच्या मैदानावर खेळणारे अनेक संघ कंपन्यांचे, रेल्वेचे, बँकांचे, गिरण्यांचे असत; खेळाडूला नोकरी मिळे, सरावासाठी सवलत मिळे, आणि पाय थकले की टेबल शाबूत असे. मिळकत बेताची होती, पण ती गोलांवर अवलंबून नव्हती, आणि चुकण्याची मुभा त्या व्यवस्थेत आपोआप होती. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड हा संघ २०१० साली बंद झाला तेव्हा मुंबईतील ही परंपरा जवळजवळ संपलीच.

आजच्या व्यवस्थेचे उदाहरण म्हणून कोल्हापूरचा अनिकेत जाधव घेता येतो. कोल्हापूर हे तालमींचे गाव आहे आणि तिथे कुस्तीच्या तालमींच्याच नावाने फुटबॉलचे संघ उभे राहतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही नावे शाहू स्टेडियमवर घोषणांतून ऐकू येतात आणि पेठेपेठेची चुरस तिथे मिटते किंवा वाढते. अशा गावात २००० साली जन्मलेला जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीला खेळला. अमेरिका, कोलंबिया आणि घाना यांच्याविरुद्धचे तिन्ही सामने भारताने गमावले, आणि त्या स्पर्धेतील भारताचा एकमेव गोल जॅक्सन सिंग या मध्यरक्षकाने कॉर्नरवरून हेडरने केला. पुढे जाधव इंडियन ॲरोज, जमशेदपूर आणि हैदराबाद या संघांत गेला आणि प्रामुख्याने कडेने खेळू लागला. २०२१-२२ च्या हंगामात हैदराबादने इंडियन सुपर लीग जिंकली तेव्हा तो त्या संघात होता. पण नऊ नंबरच्या जागेवर तिथे नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओग्बेचे होता, वय ३७, त्या हंगामातले गोल १८.

हे एकट्या हैदराबादचे नाही. २०१४ पासून २०२४-२५ पर्यंतच्या अकराही हंगामांत या लीगमधील सर्वाधिक गोलांचा मान परदेशी खेळाडूकडेच गेला. मैदानावर एका वेळी किती परदेशी असावेत याची मर्यादा सुरुवातीला सहा होती, ती पाचवर आणि २०२१-२२ पासून चारवर आली. परंतु चार जागा उरल्या तरी क्लब त्यांतली एक मधल्या आघाडीपटूसाठीच ठेवतो, कारण प्रशिक्षकाची नोकरी चार-पाच सामन्यांच्या निकालांवर टांगलेली असते आणि दहापैकी नऊ चुकांची शिकवणी कोणा विशीच्या मुलाला द्यायला त्याच्याजवळ वेळ नसतो. त्यात प्रशिक्षकाला दोष देणे सोपे आहे, न्याय्य मात्र नाही. परिणाम असा की स्ट्रायकर म्हणून वाढलेली मुले विंगर होतात, गोव्याचा लिस्टन कुलासोसारखा जोरकस फटक्याचा खेळाडूही डाव्या कडेने ओळखला जातो, आणि राष्ट्रीय संघाच्या मधल्या जागेसाठी सुनील छेत्रीला पर्याय सापडत नाही. छेत्रीने ९४ गोलांनंतर ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात निरोप घेतला होता. मार्च २०२५ मध्ये, चाळिशीत, त्याला परत बोलावले गेले आणि मालदीवविरुद्ध त्याने ९५वा गोल केला. हा त्याचा गौरव आहे खरा, पण व्यवस्थेचा नव्हे.

कारकीर्दीचे आयुष्य तसेही थोडे असते. विशीच्या सुरुवातीपासून तिशीच्या मध्यापर्यंत धरले तर बारा-चौदा हंगाम, त्यातला एक-दीड गुडघ्याच्या अस्थिबंधाने किंवा मांडीमागच्या स्नायूने खाल्लेला. फिफाच्या नियमानुसार करार सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त पाच वर्षांचा करता येतो, भारतात तो बहुधा दोन-तीन वर्षांचाच असतो, आणि २०२५-२६ चा हंगाम व्यवस्थापनाच्या वादामुळे ठरल्या वेळी सुरूच झाला नाही तेव्हा या मोजक्या हंगामांतले महिने खेळाडूंच्या हातून विनाखेळ गेले. वयाबरोबर वेग कमी होतो. टिकतो तो खांद्यामागे उभे राहण्याचा शहाणपणा, आणि म्हणूनच ओग्बेचे सदतिसाव्या वर्षीही उपयोगी पडला.

पांढुर्णा भागातील, नागपूर-इटारसी लोहमार्गावरच्या तिगावसारख्या गावातील मुलाला या वाटेवर चढायचे झाले तर पहिला प्रश्न हद्दीचा येतो. संत्र्याच्या आणि कपाशीच्या या पट्ट्याची बोली, बाजार आणि दवाखाना नागपूरकडे; फुटबॉलही नागपूरकडेच, जिथे कामठीला लष्करी छावणीच्या काळापासून या खेळाचे वेड आहे आणि जिथे विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतील मुलांसाठी सुरू केलेल्या उपक्रमातून ‘स्लम सॉकर’ उभे राहिले. नोंदणी मात्र राज्य संघटनेमार्फत होते, आणि २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा मध्य प्रदेशात असल्याने संतोष चषकासारख्या राज्यनिहाय स्पर्धेचा रस्ता भोपाळच्या बाजूने जातो. दुसरा प्रश्न कागदाचा. फिफाच्या नियमांत खेळाडू घडवणाऱ्या क्लबांसाठी तरतूद आहे: करार चालू असताना खेळाडू दुसऱ्या देशातील क्लबला विकला गेला तर रकमेतील ५ टक्के भाग, १२ ते २३ या वयात ज्या ज्या क्लबांनी त्याला शिकवले त्यांच्यात वाटला जातो. हे वाटप ‘खेळाडू पासपोर्ट’ नावाच्या नोंदीवरून होते, जिच्यात बाराव्या वर्षापासून तो कोणत्या नोंदणीकृत क्लबात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता हे क्रमाने लिहिलेले असते. गावच्या शाळेच्या मैदानावर, दोन दगडांच्या गोलासमोर, टेकवलेला पाय चेंडूच्या बरोबरीने टाकायला तो ज्या वर्षांत शिकला, त्या वर्षांसमोर या नोंदीत कोणत्याच क्लबचे नाव नसते.