हनुवटी आत गेलेली असेल तर...

"डॉक्टर, हनुवटी बाहेर यायला काही औषध आहे का?" हा प्रश्न पूर्वी लग्नसराईच्या तोंडावर मुलींच्या आया दबक्या आवाजात विचारीत. आता विशी-पंचविशीतील तरुण स्वतः विचारतात आणि मोबाइलवरचा बाजूने काढलेला फोटो पुढे करतात. गोळी नाही, मलम नाही. च्युइंगम चघळून किंवा जीभ टाळूला लावून मोठ्या माणसाचे हाड पुढे येत नाही. उपाय मात्र आहेत. त्यांतला आपला कोणता, हे हनुवटी कशामुळे आत दिसते यावर ठरते. ते कळल्याशिवाय इंजेक्शनसाठी सुरतेचे तिकीट काढू नये.

जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि हनुवटी लहान दिसते. म्हणून आधी गवंड्याच्या ओळंब्यासारखी एक साधी परीक्षा करा. दोऱ्याला छोटे वजन बांधा. ताठ उभे राहून नजर समोर ठेवा आणि दोरा खालच्या ओठाच्या सर्वांत पुढच्या भागाला लावून दुसऱ्या कोणाला तरी बाजूने पाहायला सांगा. पुरुषांची हनुवटी साधारणपणे दोऱ्याच्या आसपास असते, स्त्रियांची दोन-तीन मिलिमीटर मागे. एवढ्याला आजार म्हणत नाहीत. दात पुढे असल्याने ओठच पुढे ढकललेला असेल, तर हा दोरा फसवतो, हेही लक्षात ठेवावे.

मग तोंड पूर्ण उघडून आपलीच तीन बोटे उभी, एकावर एक अशी आत जातात का पाहा. जात नसतील तर सौंदर्याचा विचार बाजूला ठेवा.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. लहान मूल ओट्यावरून, झाडावरून किंवा बैलगाडीवरून हनुवटीवर आपटते. जखमेला टाके पडतात, जखम भरते आणि सगळे विसरतात. पण त्या दणक्याचा जोर कानापुढच्या जबड्याच्या सांध्यावर गेलेला असतो. तिथले हाड मोडते किंवा आत रक्त साकळते आणि सांधा हळूहळू जखडतो. वर्षानुवर्षे वाहणाऱ्या कानातला पू सांध्यापर्यंत पोहोचला तरी हेच होऊ शकते. लहानपणी खालच्या जबड्याची वाढ या सांध्यावर बरीच अवलंबून असते. एका बाजूचा सांधा जखडला तर हनुवटी त्या बाजूला वळते. दोन्ही जखडले तर ती गळ्याकडे ओढल्यासारखी आत राहते. मूल भाकरीचा तुकडा कसाबसा आत सरकवते, दात घासता येत नाहीत म्हणून ते किडतात, रात्री मोठ्याने घोरते. घरचे म्हणतात, चेहराच तसा आहे.

म्हणून हनुवटीवर पडलेल्या मुलाचे तोंड आठ-दहा दिवसांनीही नीट उघडत नसेल, उघडताना जबडा एका बाजूला जात असेल किंवा कानापुढे दुखत असेल, तर त्या सांध्याचा एक्स-रे झालाच पाहिजे. सांधा जखडलाच तर शस्त्रक्रिया करून मोकळा करतात. पुढे कित्येक महिने तोंड उघडण्याचे व्यायाम रोज करावे लागतात. दुखते म्हणून आईबापांनी ते सोडून दिले, तर सांधा पुन्हा जखडतो. खुंटलेला जबडा लांबवण्यासाठी हाड कापून, स्क्रूच्या यंत्राने रोज साधारण एक मिलिमीटर ताणत नेतात. पायाचे हाड लांबवण्याची ही रीत माणसाच्या जबड्याला लावल्याचे अनुभव 1992 मध्ये प्रसिद्ध झाले. तोंड उघडत नसलेल्या रुग्णाला भूल देणे अवघड असते, त्यामुळे ही कामे मोठ्या रुग्णालयातच व्हावीत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे आरोग्यमित्राला जाण्याआधीच विचारावे. केवळ सुंदर दिसण्यासाठीच्या शस्त्रक्रियेला तिथे पैसे मिळत नाहीत.

मोठ्या माणसाचे तोंड अलीकडे कमी उघडू लागले असेल आणि तिखट झोंबत असेल, तर ते बहुधा गुटखा-सुपारीचे काम. तो आजार वेगळा आहे आणि त्यातून कर्करोग होऊ शकतो.

तोंड नीट उघडते, पण वरचे दात खालच्या दातांच्या फार पुढे आहेत, मध्ये जवळजवळ बोट मावते, असे असेल तर बहुधा खालचा जबडाच मागे आहे. दहा ते चौदा या वाढीच्या वयात दंतवक्रतातज्ज्ञ काढता-घालता येणारे साधन देतात. ते वर्षभर नेटाने वापरले तर दातांमधले अंतर चांगले कमी होते. जबडा मात्र थोडाच पुढे येतो, जाहिरातीतल्याइतका नाही. मुलींची वाढ लवकर होते, तेव्हा त्यांना आधी दाखवावे. वाढ संपल्यावर तारा लावून, नंतर जबड्याचे हाड दोन्ही बाजूंनी चिरून पुढे सरकवावे लागते. ही पद्धत 1957 पासून रूढ झाली. खालचा ओठ बधिर होण्याचा धोका तिच्यात असतो आणि काहींचा बधिरपणा कायम राहतो.

दात नीट जुळतात आणि फक्त हनुवटीचे टोकच लहान आहे, अशांसाठी ओठाच्या आतून चीर घेऊन दातांच्या मुळांखालचे हाड कापतात, पुढे सरकवतात आणि टायटॅनियमच्या पट्टीने बसवतात. बाहेर व्रण दिसत नाही. हाड आपलेच असल्याने मला हा उपाय अधिक पटतो. सिलिकॉनचा तुकडा बसवणे त्याहून सोपे, पण तो सरकू शकतो, त्याला जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि खालचे हाड झिजू शकते.

जबड्याची रेघ दिसत नाही ही तक्रार बहुतेक वेळा चरबीची असते. आधी वजन आणि पोट पाहावे. स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊन चेहरा गोल झाला असेल, तर त्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारावे. एकाच बाजूला गाठ असेल तर ती चरबी समजू नये. वजन ठीक असूनही हनुवटीखाली चरबी राहिली तर नळीने ओढून काढता येते.

राहिले फिलर. हायलुरोनिक आम्लाचे हे इंजेक्शन अर्ध्या तासात होते, परिणाम साधारण वर्ष-दीड वर्ष टिकतो, पुन्हा खर्च आलाच. आवडले नाही तर दुसऱ्या इंजेक्शनने ते विरघळवता येते, हा त्याचा मोठा गुण. पातळ सिलिकॉन मात्र कोणी कितीही स्वस्तात दिले तरी घेऊ नये, ते परत निघत नाही. ब्यूटी पार्लरमध्ये इंजेक्शन घेऊ नये. देणाऱ्याची पदवी विचारावी, सीलबंद खोका आपल्यासमोर उघडायला लावावा आणि विरघळवण्याचे औषध त्याच जागी तयार आहे का, हे आधी विचारावे. क्वचित फिलर रक्तवाहिनीत जाते. कातडी पांढरी किंवा निळसर होते, वेदना वाढत जाते, क्वचित नजर जाते. तेव्हा हातात थोडेच तास असतात. म्हणून इंजेक्शन घेतल्यावर लगेच नंदुरबारची गाडी धरू नका. ती रात्र त्याच गावी काढा आणि डॉक्टरांचा रात्री लागणारा फोन नंबर खिशात ठेवा.