वरईचा दाणा आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प

हरसूल त्र्यंबकेश्वर तालुक्यात, गुजरातच्या हद्दीजवळ. पाऊस मुसळधार आणि जमीन उताराची. खाचरात भात, माळावर नागली आणि वरई, जोडीला खुरासणी, उडीद. राब भाजून रोप तयार करायचं, भर पावसात लावणी करायची आणि पीक घरात आलं की द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे निघायचं, असं इथल्या अनेक घरांचं वर्ष असतं. निघण्याआधी हातात पैसा हवा, म्हणून वरई टरफलासकट विकली जाते. नाशिक-घोटीकडच्या मिलमध्ये तिची भगर होते आणि आषाढीला, नवरात्रात, महाशिवरात्रीला ती राज्यभर घरोघरी शिजते.

या प्रवासात सगळ्यात अवघड टप्पा टरफल काढण्याचा. हजार दाण्यांचं वजन जेमतेम दोन-अडीच ग्रॅम भरतं आणि टरफल कठीण व गुळगुळीत असतं. पूर्वी बायका उखळात मुसळाने कांडत, पाखडत, पुन्हा कांडत. मिलमध्येही क्रम तोच, फक्त यंत्रांचा: आधी काडीकचरा, मग खडे, मग चाळणीवर आकारानुसार प्रतवारी, मग हलर, पंख्याने फोल उडवणं आणि न सोललेले दाणे परत हलरमध्ये. प्रतवारी नीट झाली नाही तर मोठे दाणे फुटून कणी होते आणि बारके तसेच निसटतात. दाण्यात ओल जास्त असेल तर टरफल सुटत नाही; फार वाळला तर तुकडे पडतात. मिलवाला हे दाताखाली दाणा फोडून ओळखतो.

इथेच अन्नतंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलांचं काम सुरू होतं. परभणीच्या कृषी विद्यापीठातलं अन्नतंत्र महाविद्यालय १९७६चं. आज राज्यात या विषयाची कितीतरी महाविद्यालयं आहेत. २०१५मध्ये कृषी शिक्षणात ‘स्टुडंट रेडी’ कार्यक्रम आला आणि शेवटच्या वर्षी कारखान्यातली उमेदवारी व स्वतःचा प्रकल्प ही अभ्यासक्रमाची ठरलेली अंगं झाली. उद्योग यंत्र आणि कच्चा माल देतो, विद्यापीठ प्रयोगशाळा आणि मार्गदर्शक देतं, विद्यार्थी आपले महिने देतो.

भगरीवर प्रकल्प घ्यायचा तर प्रश्नांची वाण नाही. टरफलाखाली कोंड्याचा पातळ थर असतो. तंतू, खनिजं, ब जीवनसत्त्वं आणि तेलाचा बराच भाग त्यात. दाणा सोलताना हा थर खरवडला जातो, त्यातलं लायपेज हे विकर तेलाला भिडतं, मुक्त स्निग्धाम्लं वाढत जातात आणि भगर खवट होते. म्हणून गिरणी तिला पांढरीशुभ्र पॉलिश करते. टिकाऊपणा मिळतो, पोषण कोंड्याबरोबर जातं. आधी वाफ देऊन लायपेज निकामी केलं तर कोंडा राखता येईल का? किती मिनिटं? त्याने रंग किती उतरेल? विद्यार्थी नमुने ऊबदार, दमट कपाटात ठेवतो, ठरावीक दिवसांनी तेल काढून अल्कोहोलमध्ये मिसळतो आणि फिनॉल्फ्थॅलिन घालून ब्युरेटमधून अल्कलीचे थेंब सोडतो. गुलाबी छटा टिकेपर्यंत जितकी अल्कली लागली, तितकी आम्लता. खवटपणाला आकडा मिळतो तो असा.

दुसरा प्रश्न अधिक तातडीचा. उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधेच्या बातम्या येतात. अन्न व औषध प्रशासन दर वेळी सांगतं की पाकीटबंद भगर घ्या, पीठ फार दिवस साठवू नका. ओल धरली की बुरशी येते. १ सप्टेंबर २०२३पासून देशात १५ भरडधान्यांसाठी एकत्रित मानकं लागू आहेत. त्यांत ओलावा आहे, युरिक आम्लही आहे, म्हणजे किडीने धान्यात किती घाण केली त्याचं माप. पण ओल गिरणीत शिरते त्याआधी ती खळ्यावर आणि पोत्यात शिरलेली असते. गिरणीपुरता आखलेला प्रकल्प तिथवर पोचतच नाही.

माझं म्हणणं याच जागी आहे. उद्योगाने विचारलेला प्रश्न खोटा नसतो, पण तो गिरणीच्या दारात सुरू होतो आणि पाकिटावरच्या तारखेशी संपतो. धान्याच्या बाजूने प्रश्न विचारला की काय घडतं, याचं उदाहरण नागलीचं आहे. तिची साल मऊ गराला इतकी घट्ट चिकटलेली असते की सोलायला जावं तर दाण्याचं पीठच होतं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने दाणा भिजवून, वाफवून, वाळवून आधी गर कडक केला आणि मग साल काढली. नागलीचा भात शिजू लागला.

वरईलाही असे भिडू लाभायला हवेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने वरईचा ‘फुले एकादशी’ हा वाण दिला. नावातच गिऱ्हाईक दिसतं. हरसूलच्या घरात मात्र वरईचा भात उपवासाचा नाही, रोजचा. चवीच्या चाचणीला नऊ गुणांची पट्टी वापरतात, ती अमेरिकी सैन्याच्या जेवणासाठी तयार झाली होती आणि आपल्याकडे तिच्यावर गुण देतात बहुधा महाविद्यालयातलेच शिक्षक-विद्यार्थी. हा भात जन्मभर खाल्लेल्या आजीबाईंना त्या टेबलाशी बसवल्याशिवाय वरईच्या चवीचा निकाल लावणं मला मान्य नाही.

उद्योगातला भागीदार म्हणजे मोठी कंपनीच, असंही कुठे लिहिलेलं नाही. छोटा हलर घेऊ पाहणारा बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी हाही उद्योगच. त्यांना हवं ते मोजकंच आहे: पावसाळी हवेत पोतं कशावर ठेवायचं, दाणा किती वाळवायचा, वरईच्या शंभर किलोंमागे किती भगर आणि किती कणी मिळेल, कोंड्याचं काय करायचं. यातलं एकेक उत्तर एका विद्यार्थ्याच्या एका सत्रात बसतं. तेवढं झाल्यावर अहवाल मराठीत लिहून, हलर चालवणाऱ्या बाईला वाचता येईल अशा दोन पानांत, हरसूलला पोचवायचा. गुणपत्रिकेवर सही त्यानंतर व्हावी.