लढायचे नाही म्हणणारा शेतकरी शिपाई



एक भाऊ औतामागे आणि एक भाऊ पलटणीत, अशी घरे आपल्याकडे गावोगाव आहेत. सातारा जिल्ह्यात तर एका गावाचे नावच अपशिंगे मिलिटरी पडून गेले आहे. अशा घरातल्या आईबापांना मुलाच्या जिवाची काळजी असते, ती सगळ्यांना दिसते. पण आणखी एक गोष्ट असते, तिच्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. पायाखाली मुंगी आली तरी हळहळणाऱ्या घरातला मुलगा उद्या समोरच्या माणसावर गोळी झाडणार असतो. सुटीवर घरी आल्यावर तो देवापुढे हात जोडतो, तेव्हा त्याच्या मनात काय चालत असेल?

अर्जुनाला हाच प्रश्न पडला होता, हे तुम्ही कीर्तनातून ऐकले आहे. पण त्याला उत्तर देणारा सारथी रथावरच बसलेला होता. ख्रिस्ती माणसाची अडचण निराळी. एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसराही गाल करावा, वैऱ्यावरही प्रेम करावे, अशी येशूची शिकवण. त्याला धरायला लोक आले तेव्हा एका शिष्याने तलवार उपसली, तर येशूने ती परत म्यानात घालायला लावली. हे ज्याने मनापासून मानले, त्याने बंदूक हातात धरावी कशी?

हा वाद जुना आहे. इसवी सन २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेत मॅक्सिमिलियन नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने, मी ख्रिस्ती आहे म्हणून रोमच्या सैन्यात भरती होणार नाही, असे सांगितले आणि त्याचा शिरच्छेद झाला. पुढे रोमचे बादशहाच ख्रिस्ती झाले. राज्य राखायची जबाबदारी अंगावर आली, तेव्हा कोणते युद्ध न्यायाचे आणि कोणते अन्यायाचे, याची चर्चा संत ऑगस्टीनसारख्या पंडितांनी केली. तेव्हापासून दोन्ही मते शेजारी शेजारी नांदत आहेत. मेनोनाइट पंथाची शेतकरी मंडळी शस्त्र धरावे लागू नये म्हणून घरदार, जमीनजुमला सोडून एका देशातून दुसऱ्या देशात गेली. उलट १९७१ च्या युद्धात धारातीर्थी पडून परमवीरचक्र मिळवणारा आपला लान्स नाईक अल्बर्ट एक्का हा ख्रिस्ती आदिवासी घरातलाच होता.

पण पंडितांचे राहू द्या. मी तुम्हाला एका अमेरिकन शेतकऱ्याची हकिकत सांगतो. तिच्यात हा प्रश्न जितका उघडा होऊन समोर येतो, तितका मला पुस्तकी चर्चेत दिसला नाही.

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात डोंगराच्या कुशीत वुल्फ नदीचे खोरे आहे. तिथल्या पॉल मॉल या खेड्यात १३ डिसेंबर १८८७ रोजी आल्विन यॉर्क जन्मला. अकरा भावंडे, त्यांतला हा तिसरा. बाप शेती करी आणि जोडीला लोहारकी. शाळा जेमतेम तिसरीपर्यंत. कोरड्यासाला मांस हवे तर रानात जाऊन शिकार करायची, त्यामुळे पोराचा नेम लहानपणापासून पक्का. १९११ मध्ये बाप वारला आणि आई व धाकट्या भावंडांचा भार याच्यावर पडला. दिवसभर कष्ट करी, पण रात्री दारू, जुगार आणि मारामाऱ्या. असली पोरे प्रत्येक गावात असतात. पुढे एका जिवलग दोस्ताचा दारूच्या गुत्त्यातल्या भांडणात खून झाला. आई मागे लागली होतीच. १ जानेवारी १९१५ पासून गड्याने दारू सोडली ती कायमची, आणि गावातल्या लहानशा पंथाच्या चर्चमध्ये जाऊ लागला. या पंथात बायबल हेच एक शास्त्र. त्यात मारू नये म्हटले म्हणजे मारू नये, त्याला फाटे फोडायचे नाहीत.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि तरुणांची सक्तीची नोंदणी सुरू झाली. गंमत अशी की, ज्या पाळक पाइलसाहेबांनी यॉर्कला बायबल शिकवले, तेच गावचे पोस्टमास्तर आणि भरतीची नावे नोंदवणारेही तेच. ५ जून १९१७ रोजी यॉर्कने फॉर्म भरला. सूट हवी आहे काय, या रकान्यात त्याने लिहिले की, हो, मला लढायचे नाही. अर्ज नामंजूर झाला. कारण काय, तर तुमच्या पंथाचे युद्धाविरुद्ध असे वेगळे लेखी धर्ममत नाही, बायबल तर सगळेच मानतात. वर अपील केले, तेही फेटाळले गेले. कागदाचा नियम माणसाच्या मनापर्यंत पोचत नाही, याचा अनुभव सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला वेगळा सांगायला नको.

जॉर्जिया राज्यातल्या छावणीत त्याची रवानगी झाली. तिथे शहरातून आलेली पोरे बंदूक चालवत, त्याबद्दल यॉर्क पुढे सांगत असे की, आभाळ सोडून त्यांची गोळी कशालाच लागत नसे. याचा नेम मात्र अचूक. आणि नेमका हाच शिपाई कॅप्टन डॅनफोर्थ यांच्यापुढे जाऊन म्हणाला की, साहेब, माणूस मारणे मला माझ्या धर्मात बसत नाही.

आता इथे जरा थांबा. युद्धाचे दिवस, हुकूम मोडणाऱ्याला कोठडी ठरलेली. कॅप्टनने त्याला आपल्या वरच्या मेजर बक्स्टन यांच्याकडे नेले. हे मेजर स्वतः भाविक. त्यांनी दटावले नाही, भेकड म्हटले नाही. रात्री खोलीत बसवून घेतले आणि बायबल उघडले. येशूने एकदा शिष्यांना अंगरखा विकून तलवार घ्यायला सांगितले, ते त्यांनी दाखवले. बादशहाचे देणे बादशहाला द्यावे, हे दाखवले. शत्रू येताना पाहूनही पहारेकऱ्याने शिंग फुंकले नाही, तर मेलेल्यांचे रक्त त्याच्या माथी बसते, हा यहेज्केल संदेष्ट्याचा उतारा काढला. यॉर्कनेही तोडीस तोड उतारे काढले. एकच ग्रंथ, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन भाविक माणसे, आणि एक मेजर तर दुसरा साधा शिपाई.

शेवटी मेजरने त्याला दहा दिवसांची रजा दिली. यॉर्क घरी आला, डोंगरावर एकटाच जाऊन बसला आणि एक दिवस, एक रात्र त्याने प्रार्थना केली. उतरला तेव्हा आईला म्हणाला की, मी जातो, मला काही होणार नाही. पुढे तो हे सांगे तेव्हा त्याचा भर उताऱ्यांवर नसे, त्या डोंगरावर मनाला मिळालेल्या ग्वाहीवर असे. मला स्वतःला ही ग्वाही जरा जपूनच घ्यावीशी वाटते. कारण समोरच्या खंदकातला जर्मन शेतकरीही बहुधा तोच ग्रंथ वाचून, तशीच प्रार्थना करून आला असेल.

८ ऑक्टोबर १९१८. फ्रान्समध्ये आर्गोनच्या जंगलाजवळ, शातेल-शेहेरी गावानजीकची टेकडी. जर्मन मशीनगनपुढे पलटण अडकली होती. सतरा जणांची तुकडी वळसा घालून मागून गेली आणि तिने बऱ्याच जर्मनांना बेसावध पकडले. इतक्यात वरच्या मशीनगन त्यांच्याकडे वळल्या. सहाजण जागीच ठार, त्यांत यॉर्कचा जवळचा मित्र; तिघे जखमी. तुकडीची जबाबदारी कॉर्पोरल यॉर्कवर आली. त्याच्या गावाकडे टर्की पक्ष्याच्या नेमबाजीच्या पैजा लागत. पक्षी ओंडक्याआड बांधायचा आणि त्याने मुंडी वर काढली की तेवढ्याच क्षणात गोळी मारायची. इथे मशीनगनवाल्यांना नेम धरायला डोके वर काढावे लागे. पुढचे तुम्ही समजलात. संगिनी रोखून काही जण त्याच्यावर धावून आले, तेव्हा त्याने पिस्तुलाने आधी सर्वांत मागच्याला टिपले, मग त्याच्या पुढच्याला. म्हणजे पुढच्यांना मागचे पडल्याचे कळू नये. रानात थव्यातले पक्षी असेच टिपतात.

पण मधूनमधून तो ओरडून शरण यायला सांगत होता. अखेर इंग्रजी जाणणाऱ्या एका जर्मन अधिकाऱ्याने, गोळीबार थांबव, मी माणसांना शस्त्रे टाकायला लावतो, असे सांगितले. यॉर्क लगेच थांबला. उरलेल्या सात सोबत्यांसह तो १३२ कैदी घेऊन परतला. वीसहून अधिक जर्मन त्याच्या हातून मेले. सोबत्यांचा वाटा किती, यावर पुढे वाद झाले, आणि त्या सातजणांना मान कमी मिळाला हे खरेच. यॉर्कला अमेरिकेतले सर्वोच्च शौर्यपदक मिळाले.

दुसऱ्या दिवशी त्याने परवानगी मागून घेतली आणि तो त्याच जागी परत गेला. कोणी जखमी जिवंत राहिला असेल तर पाहावे म्हणून. कोणी नव्हते. तिथे त्याने मेलेल्यांसाठी प्रार्थना केली, आपल्या माणसांसाठी आणि जर्मनांसाठीही. मशीनगन थांबवून पुढची माणसे वाचवायची होती, असे तो आपल्या कृत्याबद्दल सांगे. शौर्याची फुशारकी त्याने मारली नाही.

तुम्ही म्हणाल, सैन्यात जायचे पण मारायचे नाही, अशी वाट नव्हती का? होती, आणि ती दुसऱ्या महायुद्धात डेझमंड डॉस या तरुणाने चालून दाखवली. तो सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचा. भरती झाला, पण बंदुकीला हात लावणार नाही म्हणून जखमींची सेवा करणारा शिपाई झाला. सोबत्यांनी टिंगल केली, त्रास दिला. मे १९४५ मध्ये जपानच्या ओकिनावा बेटावर पलटणीला कड्यावरून माघार घ्यावी लागली, तेव्हा हा एकटा वर राहिला आणि त्याने सुमारे ७५ जखमींना एकेक करून दोरावरून खाली सोडले. यॉर्कला मिळाले होते तेच पदक त्यालाही मिळाले. डॉसची वाट मला अधिक स्वच्छ वाटते. मात्र त्याने ज्यांना वाचवले ते सारे बंदूकवालेच होते, हेही विसरून चालत नाही. यॉर्क तर म्हणाला असता की, बंदूक कोणाला तरी धरावी लागतेच.

यॉर्क १९१९ मध्ये परतला. न्यूयॉर्कमध्ये मिरवणूक निघाली, जाहिरातींसाठी नि नाटक-सिनेमासाठी पैशांच्या राशी पुढे आल्या. आपला गणवेश विकायचा नाही, म्हणून त्याने सगळे नाकारले आणि गावी जाऊन जूनमध्ये लग्न केले. नॅशव्हिलच्या रोटरी क्लबने त्याला नदीकाठची सुमारे ४०० एकर जमीन देऊ केली. पण ती घेतली होती हप्त्यांवर. वर्गणी पुरेशी जमली नाही, त्यातच युद्धानंतर १९२० पासून शेतमालाचे भाव कोसळले. जनावरे, अवजारे यांचे कर्ज होतेच. म्हणजे देशाचा सर्वांत नावाजलेला शिपाई इतर शेतकऱ्यांसारखाच सावकारी हिशेबात अडकला. लोकांनी नव्याने वर्गणी काढली तेव्हा कुठे जमीन सुटली. मान-सत्कार एका दिवसाचा आणि हप्ता दर वर्षाचा, हे गणित तिकडेही चुकत नाही!

आणि एवढ्या ओढाताणीत या तिसरीपर्यंत शिकलेल्या माणसाने काय आरंभले, तर डोंगरातल्या मुलांसाठी शाळा. सैन्यात गेल्यावर बाहेरचे जग दिसले आणि आपल्या खोऱ्यातली पोरे किती मागे आहेत, ते त्याला उमगले होते. १९२६ मध्ये जेम्सटाउन इथे त्याची कृषी शाळा स्थापन झाली. गावोगाव भाषणे देऊन तो पैसे जमवी. लोकांना ऐकायची असे लढाईची कथा, आणि हा बोले शाळेवर आणि रस्त्यांवर. मंदीच्या काळात सरकारी पैसा आला नाही, तेव्हा मुलांच्या बसच्या खर्चासाठी त्याने स्वतःची जमीन गहाण टाकली. १९३७ मध्ये शाळा राज्य सरकारकडे गेली. ती आजही चालू आहे.

त्याच्या मनातला प्रश्न मात्र मिटला होता असे म्हणवत नाही. १९३० नंतरच्या काळात, पहिल्या महायुद्धातून काहीच साधले नाही, असे तो उघड बोलू लागला. आणि हिटलरने युरोप तुडवायला सुरुवात केली तशी त्याने बाजू बदलली, देशाने तयार राहिले पाहिजे म्हणू लागला. १९४१ साली त्याच्यावर निघालेला चित्रपट फार गाजला. इतकी वर्षे नको म्हणत आलेला हा माणूस त्याला तयार झाला, तो पैसा बायबल शिकवणारी शाळा काढायला मिळेल म्हणून. त्याच पैशावरच्या कराच्या वादाने त्याला म्हातारपणी कर्जबाजारी केले. दुसऱ्या महायुद्धात त्याने पुन्हा भरतीसाठी नाव दिले, पण वय नि प्रकृती आडवी आली. २ सप्टेंबर १९६४ रोजी तो वारला. वुल्फ नदीच्या खोऱ्यातच त्याची समाधी आहे.

त्याने आपल्या मुलांना देशातल्या मोठ्या पुढाऱ्यांची नावे दिली होती. एकाचे नाव मात्र ठेवले जॉर्ज एडवर्ड बक्स्टन, त्या रात्री बायबल उघडून बसलेल्या मेजरचे. हा मुलगा पुढे धर्मोपदेशक झाला.