फ्रिज गार होईनासा झाला तर...

भाईंदर पश्चिमेला एका बाजूस खाडी, मधे मिठागरांचा परिसर आणि पलीकडे उत्तनचा समुद्रकिनारा. येथील हवा दमट व खारट. या हवेत खिडकीचे गज गंजतात, बरणीतल्या मिठाला पाणी सुटते. याच हवेत घरातला फ्रिज चोवीस तास राबत असतो. एखाद्या सकाळी दूध नासलेले निघते, बर्फाचे पाणी झालेले असते आणि कोणीतरी लगेच निदान करतो, "कॉम्प्रेसर गेला!" कॉम्प्रेसर हा फ्रिजचा सर्वांत महागड्या भागांपैकी एक. पण दोष नेहमी त्याचाच असतो का? खर्चात पडण्यापूर्वी निरीक्षण, अनुमान आणि पडताळा या आपल्या नेहमीच्या पायऱ्यांनी हे तपासून पाहू.

प्रथम एक गोष्ट पक्की करू. फ्रिज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हातावर स्पिरिट लावले की गार वाटते, कारण स्पिरिटची वाफ होताना ते त्वचेतली उष्णता घेते. फ्रिजमध्ये हे काम शीतक नावाचा पदार्थ करतो. आजच्या अनेक घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्यूटेन हे शीतक असते. साध्या वातावरणीय दाबाला ते उणे १२ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. फ्रीजरच्या नळ्यांत त्याची वाफ होते व ती आतली उष्णता घेते. कॉम्प्रेसर ही वाफ दाबून कंडेन्सरच्या नळ्यांत ढकलतो. तेथे उष्णता खोलीतल्या हवेला देऊन तिचा पुन्हा द्रव होतो. केसासारख्या बारीक नळीतून तो द्रव परत फ्रीजरकडे येतो. म्हणजे उष्णतेचा हा एक रस्ता झाला. फ्रिज गार होत नसेल, तर रस्ता कोठे अडला एवढेच आपल्याला शोधायचे आहे.

दिवा लागत नाही. त्याच सॉकेटला दुसरे उपकरण लावून पाहावे. तेही चालले नाही तर दोष फ्रिजचा नाही.

दिवा लागतो, पण कॉम्प्रेसर गप्प आहे. अर्धा तास वाट पाहावी. बर्फ वितळवण्याच्या वेळी तो आपोआप थांबतो. दर काही मिनिटांनी 'टक्' असा आवाज येत असेल तर मोटर सुरू होण्याचा प्रयत्न करते, पण तिला जमत नाही. वीज जाऊन लगेच आली की असे होऊ शकते. बारीक नळीच्या दोन्ही बाजूंचे दाब सारखे व्हायला काही मिनिटे लागतात. त्याआधी मोटरला मोठ्या दाबाविरुद्ध सुरू व्हावे लागते. फ्रिज बंद करून पाच-दहा मिनिटांनी लावावा. तरीही टक् टक् चालूच राहिले तर कमी व्होल्टेज किंवा मोटर सुरू करणारा रिले तपासून घ्यावा. रिले हा कॉम्प्रेसरच्या तुलनेत अगदी स्वस्त भाग आहे.

कॉम्प्रेसर चालतो, कंडेन्सर फार तापतो. उष्णता बाहेर पडत नाही. कंडेन्सर मागच्या जाळीत किंवा बाजूच्या पत्र्याआड असतो. लहान स्वयंपाकघरात फ्रिज भिंतीला चिकटवलेला असतो आणि जाळीवर धुळीचा थर असतो. जागा मोकळी करावी. प्लग काढून धूळ झाडावी.

कॉम्प्रेसर चालतो, कंडेन्सर मात्र कोमटही नाही. शीतक फिरत नसावे. 'गॅस संपला' असे म्हणतात, पण बंद नळ्यांतला गॅस खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर गळती आहे. खारट हवेने गंजलेल्या नळीला भोक पडू शकते. आयसोब्यूटेनच्या फ्रिजमध्ये फ्रीजरकडील दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी असू शकतो. त्यामुळे भोकातून दमट हवा आत शिरते आणि तिच्यातले पाणी बारीक नळीच्या तोंडाशी गोठते. म्हणून नुसता गॅस भरून भागत नाही. गळती बुजवून नळ्या निर्वात कराव्या लागतात. हे काम तंत्रज्ञाचेच. आयसोब्यूटेन ज्वालाग्राही आहे, हे विसरू नये.

फ्रीजर गार, खालचा कप्पा कोमट. बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रिजमध्ये पंखा गार हवा खाली पाठवतो. पंखा बंद पडला किंवा बर्फाने वाट अडली की असे होते. सामान काढून, प्लग काढून, दार उघडे ठेवून एक दिवस जाऊ द्यावा. सुरीने बर्फ खरवडू नये, नळी फुटते. नंतर फ्रिज काही दिवस नीट चालला आणि पुन्हा तेच झाले, तर बर्फ वितळवणारी यंत्रणा बिघडली आहे, असे अनुमान निघते. कॉम्प्रेसर निर्दोष ठरला!

हा बर्फ येतो कोठून? दार उघडल्यावर शिरणाऱ्या हवेतल्या बाष्पातून. एक ग्रॅम बाष्पाचा बर्फ होताना सुमारे २८०० जूल उष्णता बाहेर पडते. एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून ५ अंशांवर आणायला मात्र सुमारे १०५ जूलच काढावे लागतात. म्हणजे एक ग्रॅम बाष्प फ्रिजला २७ ग्रॅम पाण्याइतके जड पडते. म्हणून आमच्या दमट किनाऱ्यावर दाराच्या रबराला फार महत्त्व. दारात कागद धरून दार लावावे व कागद ओढावा. तो सहज निसटला तर तेथून बाष्प आत येत आहे.

दुरुस्ती होईपर्यंत काय करावे? दार न उघडल्यास फ्रिजमधले अन्न साधारण चार तास टिकते. इन्सुलिनची न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची असते. गोठलेले इन्सुलिन वापरू नये. उत्तनचे कोळी बांधव मासळी बर्फात ठेवतात. तसा उष्णतारोधक डब्यातला बर्फ आपल्यालाही चालेल, कारण एक ग्रॅम बर्फ वितळताना ३३४ जूल शोषतो. पण कुपी बर्फाला टेकू देऊ नये आणि बर्फात मीठ मुळीच घालू नये.

मीठ का नको, हे वर्गातच दाखवता येईल. तीन वाट्या कुटलेल्या बर्फात एक वाटी मीठ मिसळा आणि उणे अंश दाखवणारा तापमापक ठेवा. पारा शून्याच्या बराच खाली जाईल. हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. बर्फ वितळायला लागणारी उष्णता कोठून आली, हे विद्यार्थ्यांना विचारा. ज्याला ते सांगता आले, त्याला फ्रिजही कळला.